व्हॅम्पायर वाचायला-पाहायला सुरुवात कुठून करावी?

काळा झगा, सुळे आणि रक्त एवढ्यावरच व्हॅम्पायर संपतो असं समजून पुष्कळ चांगले वाचक या वाटेला फिरकतच नाहीत. त्यांच्यासाठी हा क्रम सुचवतो आहे. वाचताना, पाहताना एकच प्रश्न सोबत ठेवा: गोष्ट कोण सांगतंय? बळी, पाठलाग करणारे, की व्हॅम्पायर स्वतः?

१. 'ड्रॅक्युला'ची पहिली चार प्रकरणं वाचा

चित्रपट नंतर, आधी हे. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ची. इंग्रजी मूळ संहिता प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळते. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा आणि बातम्यांची कात्रणं यांतून उलगडते. पहिल्या चार प्रकरणांत जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाची रोजनिशी आहे. तो घरखरेदीच्या कामासाठी ट्रान्सिल्व्हेनियातल्या काउंट ड्रॅक्युला या उमरावाच्या गढीवर आलाय.

काउंट पालथा होऊन सरड्यासारखा भिंतीवरून उतरतो, तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. माझं मत विचाराल तर त्याआधीचा एक साधा प्रसंग जास्त थरकाप उडवतो. हार्करला काउंट स्वतःच्या हातांनी पाहुण्याचं अंथरूण घालताना दिसतो. मग दाराच्या फटीतून तो जेवणाचं टेबल मांडतानाही दिसतो. म्हणजे गढीत नोकरचाकर नाहीतच! मग रात्री घोडागाडी हाकून आपल्याला इथवर आणणारा कोण होता? हार्कर इथे पहिल्यांदा खरा हादरतो.

यानंतर काउंट बहुतेक वेळ आडच राहतो. एवढ्या सगळ्या कागदांत त्याची रोजनिशी कुठेच नाही. सगळे त्याच्याबद्दल लिहितात, पण पहिल्या प्रकरणातलं हार्करला लिहिलेलं छोटंसं स्वागतपत्र सोडलं तर त्याचं स्वतःचं लिखाण जवळजवळ दिसतच नाही. त्याचा दरारा टिकतो तो त्यामुळेच. पुढची प्रकरणं सावकाश वाचली तरी चालतील, मात्र एक गोष्ट टिपून ठेवा: हा काउंट लंडनमध्ये भर दिवसा रस्त्यावर दिसतो. उन्हाने त्याची शक्ती कमी होते, पण तो मरत नाही.

२. मग १९२२चा 'नोस्फेराटू' पाहा, पण प्रत निवडून

उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पना रूढ झाली ती एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांच्या या जर्मन मूकपटापासून. निर्मात्यांनी स्टोकरच्या वारसांची परवानगी घेतली नव्हती. काउंटचं नाव बदलून ऑरलॉक केलं, तरी स्टोकरच्या पत्नी फ्लोरेन्स कोर्टात गेल्या आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला. काही प्रती वाचल्या, हे आपलं नशीब.

इंटरनेटवर याच्या साध्या कृष्णधवल प्रती खूप आहेत, त्या टाळा. रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मला निळा रंग दिला होता. तो रंग नसला की ऑरलॉक लख्ख उन्हात शवपेटी बगलेत मारून फिरताना दिसतो आणि शेवटाला काही अर्थच उरत नाही. म्हणून रंगछटा असलेली, जतन केलेली प्रतच शोधा.

३. 'कार्मिला' एका बैठकीत वाचा

शेरिडन ले फानू यांची ही दीर्घकथा 'ड्रॅक्युला'च्या पंचवीसेक वर्षं आधीची. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतातल्या एकाकी घरात ती घडते. सांगणारी लॉरा हीच बळी, आणि तिचा कार्मिलावर जीव जडलेला. ओढ आणि किळस दोन्ही एकाच वेळी वाटतात, असं ती सरळ सांगते. अनेक वर्षांनंतरही तिला कार्मिलाच्या पावलांचा भास होतो. माझ्या लेखी संपूर्ण व्हॅम्पायर साहित्यातलं सर्वांत जिवंत पात्र हेच.

४. लुगोसी आणि ली यांना एक-एक संध्याकाळ द्या

१९३१च्या 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसीचे सुळे कधी दिसतच नाहीत. त्याचे डोळे आणि संथ, जड उच्चार पाहा-ऐका. १९५८च्या हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत 'ड्रॅक्युला'त ख्रिस्तोफर ली पडद्यावर फार थोडा वेळ आहे, तरी शेवटपर्यंत त्याचीच चाहूल लागून राहते.

५. आता व्हॅम्पायरचं म्हणणं ऐका

अ‍ॅन राइस यांच्या १९७६च्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये लुई हा व्हॅम्पायर एका मुलाखतकाराला टेपवर आपली हकिगत सांगतो. लुईला व्हॅम्पायर करणारा लेस्टाट जास्त गाजला, पण लक्ष द्या क्लॉडियाकडे. कादंबरीत ती अवघ्या पाच वर्षांची असताना व्हॅम्पायर होते. मन वाढतं, शरीर तेवढंच राहतं. १९९४च्या चित्रपटात कर्स्टन डन्स्टने ही भूमिका केली आहे, तिथे क्लॉडिया थोडी मोठी आहे. ती चिडून आपले कुरळे केस कापते, आत जाते आणि किंचाळते, कारण केस पुन्हा होते तसे झालेले असतात. कधीच मोठं न होण्याची शिक्षा यापेक्षा नेमकी दाखवता येणार नाही.

६. शेवटी एली

स्वीडिश चित्रपट 'लेट द राइट वन इन' (२००८) मूळ भाषेत, सबटायटल्ससह पाहा. स्टॉकहोमच्या उपनगरात बारा वर्षांच्या ऑस्करला शाळेतली मुलं छळतात आणि शेजारी एली राहायला येते. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात पाऊल टाकता येत नाही, हा नियम स्टोकरच्या कादंबरीतही आहे. ऑस्कर मुद्दाम तिला 'ये' म्हणत नाही. ती तशीच आत येते आणि तिच्या अंगातून रक्त पाझरू लागतं. तो घाबरून तिला बोलावतो, मिठी मारतो. तिथे तो नियम नुसता नियम राहत नाही, विश्वासाची परीक्षा होतो.

चित्रपटात रक्त आहे, मारहाणही आहे, तेव्हा मुलांना घेऊन बसू नका. योन आयविदे लिंडक्विस्ट यांची मूळ कादंबरी चित्रपटानंतर वाचा. ती अधिक कठोर आहे, पण एलीचा भूतकाळ तिथेच नीट कळतो.