घरच्या वायफायवर एन्क्रिप्टेड डीएनएस कसा बसवायचा

डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता (आयपी) सांगणारी सेवा. राउटरमध्ये गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरला की डीएनएस सुरक्षित झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. त्याने फक्त उत्तर देणारा बदलतो. ‘या नावाचा पत्ता काय?’ हे प्रश्न पूर्वीसारखेच पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) ५३ वरून उघडे जातात आणि इंटरनेट कंपनी ते वाचू शकते, वळवूही शकते. एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे ते इतरांना वाचता येऊ नयेत म्हणून, डीओटी (डीएनएस ओव्हर टीएलएस, पोर्ट ८५३) किंवा डीओएच (डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस, पोर्ट ४४३) लागते. त्यानंतरही तुम्ही कोणत्या आयपीशी जोडले जाता ते कंपनीला दिसते, हे ध्यानात ठेवा.

खालचे पत्ते टाइप करताना अंक आणि अक्षरे इंग्रजीच वापरा.

सुरुवात मोबाइलपासून करा, दोन मिनिटांचे काम आहे. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनवर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा. तिथे आकडी पत्ता चालत नाही, नाव लागते: डीएनएस.क्वाड९.नेट (क्वाड९ ही मोफत डीएनएस सेवा) किंवा डीएनएस.गूगल. ‘ऑटोमॅटिक’वर ठेवल्यास एन्क्रिप्शन जमले नाही की फोन गुपचूप उघड्या डीएनएसवर जातो. नाव भरले तर तसे होत नाही, पण एखाद्या वायफायने पोर्ट ८५३ अडवले असेल तर इंटरनेटच बंद पडते. हॉटेलचे किंवा स्टेशनचे लॉगिन पान उघडत नसेल तर तेवढ्यापुरते ‘ऑटोमॅटिक’ करा. आयफोनवर आयओएस १४ पासून सोय आहे, मात्र त्यासाठी सेवेचे अॅप किंवा प्रोफाइल टाकावे लागते.

विंडोज ११ मध्ये वायफायच्या ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन डीएनएस ‘मॅन्युअल’ करा, आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे पत्ते) मध्ये क्वाड९चा ९.९.९.९ भरा, ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ चालू करा आणि उघड्या डीएनएसवर परतण्याचा पर्याय बंद ठेवा. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे लांब पत्ते) मध्येही हेच करा. तिथला पत्ता २६२०:एफई::एफई.

टीव्ही, कॅमेरे यांना अशी सोय क्वचितच असते, म्हणून सगळ्या घरासाठी एकच जागा बरी. तुमच्या राउटरमध्ये डीओटी किंवा डीओएचचा पर्याय असेल तर तोच वापरा. इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबर राउटरमध्ये तो बहुधा नसतो. मग ‘रास्पबेरी पाय’ (थोडक्यात पाय) या छोट्या संगणकावर अॅडगार्ड होम हा डीएनएस सर्व्हर बसवा. पायला राउटरमधून कायमचा पत्ता राखून द्या, समजा १९२.१६८.१.५. त्या पत्त्याच्या पोर्ट ३००० वर ब्राउझरमधून सेटअप करा. पोर्ट ५३ आधीच व्यापलेला आहे अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा पायचीच डीएनएस सेवा ‘सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड’ तिथे बसलेली असते. तिचा स्टब लिसनर (पोर्ट ५३ वर ऐकणारा भाग) बंद करा. अपस्ट्रीममध्ये (प्रश्न पुढे जिथे पाठवायचे तिथे) क्वाड९चा डीओएच पत्ता आणि बूटस्ट्रॅपमध्ये ९.९.९.९ द्या. बूटस्ट्रॅप लागतोच, कारण डीओएच सर्व्हरचे नावही आधी कुणीतरी सोडवून द्यावे लागते.

आता राउटरच्या लॅन-डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या भागात) डीएनएस म्हणून पायचा पत्ता भरा. वॅनमध्ये (इंटरनेट कंपनीकडच्या जोडणीच्या भागात) भरू नका. तिथे भरला तर लॉगमध्ये (प्रश्नांच्या नोंदीत) सगळे प्रश्न राउटरच्याच नावावर दिसतात. दुसऱ्या रकान्यात ‘असू दे’ म्हणून ८.८.८.८ टाकण्याचा मोहही टाळा. पहिला बंद पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा नियम कित्येक उपकरणे पाळत नाहीत. डीएचसीपीतला डीएनएस बदलूच देत नसेल तर राउटरचे डीएचसीपी बंद करून अॅडगार्डचे चालू करा.

एवढे करूनही लॉगमध्ये मोजकेच प्रश्न दिसतात? मग आयपीव्ही६ तपासा. राउटर त्या मार्गाने स्वतःचा किंवा कंपनीचा डीएनएस जाहीर करत राहतो आणि उपकरणे पायला बाजूला ठेवून तिकडेच जातात. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवले की तो पत्ता दिसतो. राउटरच्या लॅन-आयपीव्ही६ विभागात पायचा स्थानिक आयपीव्ही६ पत्ता भरा किंवा डीएनएस जाहीर करणे बंद करा. दोन्ही जमले नाही तरच लॅनवरचे आयपीव्ही६ बंद करा. ब्राउझरचे स्वतःचे ‘सिक्योर डीएनएस’ चालू असेल, तर तेही पायला टाळून जाते.

वीज फार वेळ जाणाऱ्या गावात आणखी एक अडचण येते. पायला सहसा बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. बराच काळ बंद राहून सुरू झाला की तारीख जुनी असते, डीओएच सर्व्हरचे सर्टिफिकेट (ओळखपत्र) अवैध ठरते आणि डीओएच जुळत नाही. वेळ दुरुस्त करायची तर टाइम सर्व्हरचे नाव सोडवायला डीएनएसच हवा! म्हणून पायची वेळ जुळवणाऱ्या ‘टाइमसिंकडी’च्या सेटिंगमध्ये टाइम सर्व्हर नावाऐवजी आकड्यांत द्या, क्लाउडफ्लेअरचा १६२.१५९.२००.१ चालतो.

शेवटी मोबाइलचा प्रायव्हेट डीएनएस तात्पुरता बंद करून ऑन.क्वाड९.नेट उघडा. क्वाड९ वापरात असल्याचे दिसले आणि अॅडगार्डच्या लॉगमध्ये त्या फोनची नोंद उमटली, तर प्रश्न पायवरूनच जात आहेत.