माइंडफुलनेस करायचं कसं, आणि त्याने मेंदूत नि हृदयात नेमकं काय होतं

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे, चांगलं-वाईट न ठरवता, लक्ष देणं. त्यासाठी बसायच्या आधी एक करून बघा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, नाडी लागली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. तरुण माणसात हे जास्त जाणवतं, नाही जाणवलं तरी घाबरू नका. हे व्हेगस नर्व्हचं काम, मेंदूतून निघून ती हृदयापर्यंत जाते आणि ठोक्यांना ब्रेक लावते, श्वास सोडताना तो जास्त लागतो.

म्हणून पहिली 2 मिनिटं मुद्दाम संथ श्वास, मिनिटाला साधारण 6, जोर न लावता. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच नेहमीसारखा श्वास घ्या. मग तो मोजणं सोडून द्यायचं, कारण खरं माइंडफुलनेस इथून पुढे, श्वास जसा येतोय जातोय तसा फक्त बघायचा. खुर्चीत बसलात तरी चालेल, पाठ सरळ पण आखडलेली नको, फोन सायलेंट, 10 मिनिटांचा टायमर.

आता मन भटकणार, भटकणारच! उद्याची मीटिंग, कोणीतरी बोललेला शब्द, राहिलेलं बिल... आपण रिकामे बसलो की मेंदूतलं डिफॉल्ट मोड नेटवर्क, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या काही भागांचं जाळं, जास्त चालतं आणि स्वतःबद्दलचे विचार, मागचं-पुढचं सगळं तिथे घोळत राहतं. भटकलो हे लक्षात आलं की स्वतःवर न चिडता परत श्वासावर यायचं. लोक इथेच "मला नाही जमत" म्हणून उठतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते लक्षात येणं आणि परत येणं हाच तर व्यायाम आहे, 10 मिनिटांत पन्नास वेळा झालं तरी तो पन्नास वेळा झाला.

जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, आता तो 8 आठवड्यांचा असतो, बरंचसं संशोधन त्यावरच झालंय. 2011 च्या एका छोट्या अभ्यासात 8 आठवड्यांनी हिप्पोकॅम्पस या आठवणींशी संबंधित भागातलं ग्रे मॅटर (मेंदूच्या पेशी असलेला करडा भाग) वाढलेलं दिसलं आणि ते सगळीकडे फिरलं, पण 2022 च्या मोठ्या अभ्यासात मेंदूच्या रचनेत असा बदल सापडला नाही. त्यामुळे "मेंदू वाढतो" वगैरे डोक्यातून काढा. ताण नि चिंता कमी व्हायला मदत होते, तेवढ्यासाठी करा ना, ते काय कमी आहे?

हृदयाचंही तसंच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये सांगितलं की ध्यानाचा फायदा होऊ शकतो, पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला. बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही म्हणजे नाही, आणि छातीत दुखत असेल तर ध्यानाला बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

डोळे मिटल्यावर जुनं काही वर येऊन धडधड वाढत असेल तर डोळे उघडा, तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या, त्या दिवशी तेवढंच. दरवेळी तसं होत असेल तर एकट्याने रेटू नका, समुपदेशकाशी बोलून मगच पुढे करा.