कमी उजेडात झाड रुळवताना

निरभ्र दुपारच्या उन्हात सुमारे 1,00,000 लक्स (उजेड मोजण्याचे एकक) प्रकाश असतो; खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो बहुतेक वेळा काहीशे लक्सवर आलेला असतो. आपले डोळे लगेच सरावत असल्याने हा फरक आपल्याला फारसा जाणवत नाही. म्हणून रोपवाटिकेतून आणलेली कुंडी थेट कोपऱ्यात न ठेवता आधी खिडकीलगत ठेवावी आणि दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी आत सरकवावी.

या सावकाशीचे कारण पानात आहे. उन्हात वाढलेले पान जाड असते, त्याच्या श्वसनाला साखरही जास्त लागते, आणि पूर्ण वाढ झाल्यावर त्याची रचना फारशी बदलत नाही. मंद उजेडात फुटणारे नवे पान मात्र त्याच जागेसाठी घडते: ते पातळ व पुष्कळदा अधिक रुंद असते आणि वजनाच्या मानाने त्यात हरितद्रव्य जास्त असते. त्यामुळे जुनी पाने गळू लागली म्हणून घाबरून रोज कुंडीची जागा बदलू नये. फायकस बेंजामिना तर जागा बदलताच पाने टाकतो. झाड रुळले की नाही, हे नव्या पानांवरून ठरवावे.

नवे पान आधीच्यापेक्षा लहान असेल आणि पेरांमधले अंतर वाढत असेल, तर झाड रुळलेले नसून उजेड शोधत आहे. अशा वेळी कुंडी खिडकीकडे न्यावी किंवा दिवसाला सुमारे 12 तास दिवा लावावा. झीझी प्लांटच्या बाबतीत ही खूण उशिरा दिसते, कारण ते जमिनीखालच्या कंदांतील साठ्यावर महिनोन्महिने तग धरते. त्याच्या टवटवीतपणावर मी तरी पटकन विश्वास ठेवत नाही. चित्रविचित्र पानांच्या मनीप्लांटला अधिक उजेड लागतो, कारण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते.

अंधाऱ्या कोपऱ्यातली झाडे बहुधा उजेडाच्या कमतरतेपेक्षा जास्त पाण्याने मरतात. वाढ आणि बाष्पोत्सर्जन मंदावल्याने माती ओली राहते व मुळे कुजतात. म्हणून वार ठरवून पाणी न घालता बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच घालावे. नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नये. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, कारण आधीच तोकडा असलेला उजेड ती अडवते.

पुढे झाड पुन्हा बाहेर न्यायचे झाल्यास तेही टप्प्याटप्प्यानेच न्यावे. सावलीत घडलेली पातळ पाने थेट उन्हात एका दुपारीही करपू शकतात.