खासदाराचा आठवडा : गावातले निवेदन संसदेपर्यंत कसे न्यावे

लोकसभेवर नव्याने निवडून आलेल्या सदस्याला पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक अडचण वेळेची येते. महाराष्ट्रातील ४८ लोकसभा मतदारसंघांपैकी प्रत्येकात विधानसभेचे सहा मतदारसंघ मोडतात, आणि या सहाही भागांना आपला खासदार प्रत्यक्ष दिसावा अशी अपेक्षा असते. त्याच वेळी दिल्लीत विधेयके, अर्थसंकल्प आणि समित्यांच्या बैठका त्याची वाट पाहत असतात. गावाचे काम आणि देशाचे काम असे दोन वेगळे रकाने पाडून आठवडा त्यांत वाटून देणे, ही या अडचणीवर सहसा काढली जाणारी तोड आहे, पण ती फार काळ टिकत नाही. मतदारसंघात आलेल्या तक्रारीतूनच संसदेतला प्रश्न घडावा आणि संसदेत मिळालेले उत्तर पुन्हा तक्रारदारापर्यंत पोहोचावे, अशा रीतीने आठवडा आखला तर दोन्ही कामे परस्परांना पूरक ठरतात. पुढील मार्गदर्शन नव्या सदस्यासाठी आहे, आणि त्याहूनही अधिक त्याचे कार्यालय सांभाळणाऱ्या स्वीय सहायकांसाठी आहे.

अधिवेशनकाळ आणि एरवीचा काळ यांतील आठवड्यांची आखणी वेगळी ठेवावी. वर्षात साधारणपणे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात. त्या काळात सोमवार ते शुक्रवार दिल्लीत आणि शनिवार-रविवार मतदारसंघात, ही विभागणी जवळजवळ ठरलेलीच असते. खरी शिस्त लागते ती शनिवारी.

शनिवारी सकाळी संपर्क कार्यालयात लोकांना भेटताना प्रत्येक निवेदनाची आवक नोंद तिथल्या तिथे व्हावी आणि निवेदनाच्या प्रतीवर क्रमांक टाकून ती देणाऱ्याला परत द्यावी. नोंद करतानाच निवेदनाचा विषय राज्याच्या अखत्यारीतील आहे, केंद्राच्या आहे की वैयक्तिक मदतीचा आहे, हे ठरवून घ्यावे. तलाठ्याकडे अडलेली फेरफार नोंद, पोलीस ठाण्यातील तक्रार, जिल्हा परिषदेच्या शाळेची गळकी खोली हे राज्याचे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे विषय आहेत. त्यांसाठी जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा संबंधित आमदार यांच्याकडे त्याच दिवशी पत्र जावे. राष्ट्रीय महामार्गावरील धोकादायक वळण, रेल्वेचा थांबा, भविष्य निर्वाह निधीचा अडकलेला दावा, पारपत्र, पीकविम्याचे केंद्राशी संबंधित निकष हे दिल्लीचे विषय आहेत. वैयक्तिक कामांत उपचारांसाठी पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीकडे शिफारस आणि रेल्वेच्या तातडीच्या कोट्यासाठी पत्र ही मागणी नेहमीची. जे होणार नाही ते पहिल्याच भेटीत सांगावे, हे मात्र कटाक्षाने पाळावे. केंद्रीय विद्यालयातील प्रवेशासाठी असलेला खासदारांचा कोटा २०२२ मध्ये रद्द झाला. त्यासाठी ‘बघू, प्रयत्न करू’ असे म्हणून पालकांना महिनाभर ताटकळत ठेवण्यात कोणाचेच भले नाही.

शनिवारी संध्याकाळी स्वीय सहायकाने त्या दिवसाच्या नोंदी एकत्र वाचाव्यात आणि एकच तक्रार अनेक गावांतून आली आहे का, ते पाहावे. एकट्याच्या अडचणीवर पत्र पुरते. तीच अडचण वीस गावांची असेल तर ती धोरणाकडे बोट दाखवते. कांद्याचे उदाहरण याबाबत बोलके आहे. लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात भाव कोसळला म्हणून शेतकरी निवेदन घेऊन येतो, तेव्हा त्याच्या कागदावर मागणी एकच असते : भाव द्या. खासदाराच्या कार्यालयाने मात्र त्या मागणीमागचे निर्णय वेगळे करून पाहायचे असतात. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. हा अर्थ मंत्रालयाचा निर्णय. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ती वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विदेश व्यापार महासंचालनालयाची. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तरी टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी दराने निर्यात न करण्याची अट) आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये मूल्याची अट जाऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते पूर्ण हटले. दरम्यान नाफेड आणि एनसीसीएफ या राष्ट्रीय सहकारी संस्थांमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाकडे होती. म्हणजे बाजार समितीच्या आवारात जो एकच राग दिसतो, त्याची उत्तरे दिल्लीत निदान तीन ठिकाणी विखुरलेली असतात, आणि केवळ कृषिमंत्र्यांना पत्र पाठवून त्याचे छायाचित्र प्रसिद्ध करणाऱ्या प्रतिनिधीने नेमक्या तिन्ही दारांना बगल दिलेली असते.

ही फोड झाली की प्रश्न लिहायला घ्यावेत. लोकसभेत प्रश्नाची सूचना साधारणपणे १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे या आठवड्यात लिहिलेला प्रश्न उत्तराला येतो तेव्हा निदान दोन आठवडे उलटून गेलेले असतात, आणि अधिवेशन सुरू झाल्यावर लिहायला बसणारा सदस्य अर्धे अधिवेशन गमावून बसतो. मंत्रालयांचे पाच गट पाडलेले असतात व प्रत्येक गटाला आठवड्यातील एक दिवस ठरलेला असतो; ते वेळापत्रक कार्यालयाच्या भिंतीवर हवे. एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न निवडले जातात. निवड सोडतीने होते. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, पण यादीतील वीसपैकी मोजकेच प्रश्न तासाभरात पुकारले जातात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. नव्या सदस्याचा ओढा तारांकित प्रश्नाकडे असणे स्वाभाविक आहे, तरीही आकडेवारी हवी असेल तर अतारांकित प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण त्याचे उत्तर पटलावर ठेवले जाते, जसेच्या तसे उद्धृत करता येते आणि पुढच्या प्रश्नाचा पाया बनते.

प्रश्नाची शब्दमर्यादा १५० आहे. त्यात मत विचारता येत नाही आणि विषय मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतील असावा लागतो. ‘कांदा उत्पादकांवर अन्याय होत आहे हे सरकारला मान्य आहे काय’ या प्रश्नाला फार तर एक गुळगुळीत वाक्य मिळेल. त्याऐवजी ‘गेल्या तीन वर्षांत राखीव साठ्यासाठी महाराष्ट्रातून जिल्हानिहाय किती टन कांदा, कोणत्या संस्थांमार्फत व कोणत्या सरासरी दराने खरेदी करण्यात आला, आणि त्यातील किती साठवणुकीत खराब झाला’ असे विचारल्यास आकडे द्यावे लागतात. पुरवणी प्रश्न आधीच लिहून ठेवावा, मात्र मंत्र्यांचे उत्तर ऐकून तो बदलण्याची तयारी ठेवावी. लिहून आणलेला कागद वाचून दाखवणाऱ्याला बगल देणे मंत्र्यांना सोपे जाते.

एखादा विषय दोन आठवडे थांबू शकत नसेल तर शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याची वेळ, आहे. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तरांचा तास झाल्यावर तो येतो. राज्यसभेत २०१४ पासून क्रम उलटा आहे. गारपीट, महामार्गावरील अपघात, अचानक बदललेला निर्यात निर्णय असे विषय येथे मांडावेत, आणि मिनिट-दीड मिनिटात ठिकाण, घटना व मागणी एवढेच सांगावे. लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम ३७७ खालील सूचना २५० शब्दांपर्यंतची असते आणि सदस्याला आठवड्यातून एकच देता येते. तिला मंत्रालयाकडून लेखी उत्तर मागता येते, म्हणून रेल्वे थांब्यासारखी स्थानिक मागणी येथे मांडणे श्रेयस्कर. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२० नुसार अध्यक्षांच्या अनुमतीने मातृभाषेत बोलता येते. मराठीत बोलायचे असल्यास भाषांतराची सोय व्हावी म्हणून आगाऊ कळवावे आणि मग निःसंकोच मराठीत बोलावे. अडखळत्या हिंदीपेक्षा त्याचा परिणाम चांगला होतो.

स्थायी समितीची बैठक मात्र कधीही चुकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मंत्रालयांशी निगडित अशा २४ समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. कॅमेरे नसतात, म्हणून गर्दीही नसते. सचिव दर्जाचे अधिकारी समोर बसून तासन्‌तास उत्तरे देतात, आणि पक्षादेशाचा धाक तेथे नसल्याने सत्ताधारी सदस्यही अवघड प्रश्न विचारतात. ज्या विषयाची निवेदने मतदारसंघात सर्वाधिक येतात त्याच समितीवर वर्णी लागावी, यासाठी पक्षाच्या प्रतोदांकडे आग्रह धरावा. बैठकीची टिपणे आदल्या रात्री वाचण्यासाठी दोन तास वेगळे काढावेत. त्या रात्रीची भोजनाची आमंत्रणे नाकारली तरी राजकारण बुडत नाही.

शुक्रवारी दुपारचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामकाजासाठी असतात. याच वेळी सभागृह ओस पडते, कारण बहुतेकांना घरचे विमान गाठायचे असते. खासगी विधेयके क्वचितच मंजूर होतात : आजवर १४, आणि शेवटचे १९७० मध्ये. तरीही ती निरर्थक नाहीत. कोकणातून निवडून गेलेले बॅरिस्टर नाथ पै यांनी, संसदेला मूलभूत हक्कांत कपात करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेल्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये, घटनादुरुस्तीच्या संसदेच्या अधिकाराविषयीचे खासगी विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही, परंतु त्यातील विषय १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत सरकारलाच हाती घ्यावा लागला. हेच नाथ पै कोकणातल्या साध्या प्रश्नांवरही तितक्याच पोटतिडकीने बोलत. अधिवेशनातील निदान एक शुक्रवार दिल्लीत काढावा.

अधिवेशन नसताना सोमवार निधीच्या कामांसाठी राखावा. खासदार स्थानिक क्षेत्र विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे. सहा विधानसभा मतदारसंघांत समान वाटला तरी एकेकाच्या वाट्याला ८३ लाख येतात, त्यामुळे लहान लहान कामांची खिरापत वाटली की काहीच उभे राहत नाही. किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावी लागते. खासदार काम सुचवतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची असते. देवळाच्या जागेतील सभामंडप या निधीत बसत नाही, हे प्रत्येक निवडणुकीनंतर नव्याने समजावून सांगावे लागते. तिमाहीत एकदा होणारी ‘दिशा’ या जिल्हास्तरीय समन्वय व देखरेख समितीची बैठक यापेक्षा मोलाची आहे, कारण जिल्ह्यातील केंद्रीय योजनांचा हिशेब तेथे खासदाराच्या अध्यक्षतेखाली मागता येतो. तिची विषयपत्रिका तयार करताना शनिवारच्या नोंदवह्या समोर ठेवाव्यात. लग्ने, दहावे आणि उद्घाटने टळत नाहीतच. ती एका दिशेच्या गावांची एका दिवशी घ्यावीत आणि वाटेत चालू कामे पाहावीत.

शेवटचे काम पाठपुराव्याचे, आणि तेच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर मंत्र्यांनी दिले तर ते आश्वासन मानले जाते. त्याची पूर्तता तीन महिन्यांत अपेक्षित असते आणि शासकीय आश्वासन समिती तिचा मागोवा घेते. अशा उत्तरांची तारीखवार यादी ठेवावी. ज्याच्या निवेदनावरून प्रश्न विचारला गेला त्याला उत्तराची प्रत त्याच आठवड्यात पाठवावी, उत्तर निराशाजनक असले तरी पाठवावी, आणि आवक क्रमांकापुढे जावक क्रमांक लिहून मगच ती नोंद बंद करावी.