मेलबॉक्सला फुटलेलं पेव कसं बुजवायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या काकांचं हळदीचं अडत दुकान आहे. मागच्या हंगामात, सौदे ऐन भरात असताना त्यांचा फोन आला, "जरा येऊन बघ की, मेल यायचाच बंद झालाय." जाऊन बघितलं तर जीमेलची १५ जीबी जागा काठोकाठ भरलेली. ही फुकटची जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असते, आणि ती संपली की मेल येईनात आणि जाईनात. आत काय, तर साड्यांचे सेल, विमा, कर्ज आणि कधीकाळी एकदाच उघडलेल्या शॉपिंग ॲपची लाडीगोडी. हळदीचं सॅम्पल मागणाऱ्या बाहेरगावच्या एका पार्टीचा मेल आठ दिवसांपासून स्पॅममध्ये पडून होता.

"रोज डिलीट करतोय की मी!" काका म्हणाले. करत होतेच. सकाळी दुकानात दिवाबत्ती झाली की पंचवीस-तीस मेल पुसायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच परत. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवायची तेव्हा पेवाचं तोंड बंद करायचे. आत उतरून रोज कीड वेचत कोणी बसत नव्हतं. मेलचंही तसंच आहे, तोंड बंद करायला हवं. पुढचं सगळं जीमेल धरून सांगतोय, कारण आपल्याकडे बहुतेकांचं खातं तिथंच असतं.

आधी स्पॅमचं फोल्डर चाळा

उलटं वाटेल, पण सुरुवात इथूनच करा. स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचे जातात, त्यात कामाचा एखादा गेला तर परत मिळत नाही. ओळखीचा मेल दिसला की तो उघडून 'नॉट स्पॅम' दाबा. ज्या पार्टीचे मेल वारंवार तिथं जातात, तिचा पत्ता कॉन्टॅक्ट्समध्ये घाला, शिवाय फिल्टर, म्हणजे त्या पत्त्यावरून येणाऱ्या मेलचं काय करायचं याचा नियम, करून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा. फिल्टर मोबाइलच्या ॲपमध्ये करता येत नाही, त्यासाठी कॉम्प्युटरवर बसावं लागतं. मग उरलेलं स्पॅम बिनधास्त रिकामं करा. तेही त्या १५ जीबीतच मोजलं जातं.

मग दोन जाती वेगळ्या करा

बहुतेकांची गल्लत इथंच होते. नको असलेला प्रत्येक मेल चोराचा नसतो. एक जात म्हणजे खऱ्या दुकानांची, बँकांची, ॲपची जाहिरात. आपणच कधीतरी पत्ता दिलेला असतो, किंवा फॉर्म भरताना आधीच टिक केलेला चौकोन तसाच सोडलेला असतो. यांना 'अनसबस्क्राइब' करायचं, म्हणजे त्यांच्या यादीतून आपलं नाव काढायचं. मेलच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत शोधायची गरज नाही, जीमेल बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच ते बटण दाखवतं. डावीकडच्या मेनूत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' दिसत असेल तर आणखी सोपं, कोण किती मेल पाठवतं याची यादीच तिथं मिळते. काकांच्या खात्यात या यादीवर आम्ही अर्धा तास घालवला, आणि सगळ्यात जास्त फरक त्याच अर्ध्या तासानं पडला.

हे बटण आता खरंच चालतं, त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यानं जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय द्यायची आणि दोन दिवसांत ते नाव काढायचं. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, म्हणजे हजारामागे तीनसुद्धा होऊ द्यायच्या नाहीत. तुम्ही 'रिपोर्ट स्पॅम' दाबता ती तक्रार या हिशेबात धरली जाते.

दुसरी जात चोरांची. प्राप्तिकराचा रिफंड, अडकलेलं पार्सल, 'तुमचं खातं आज बंद होईल', असा मजकूर असतो. यात अनसबस्क्राइबची लिंक असली तरी तिला हात लावायचा नाही. ती दाबली की पलीकडच्याला एवढंच कळतं की हा पत्ता जिवंत आहे, माणूस वाचतोय. इथं फक्त 'रिपोर्ट स्पॅम'. उत्तर द्यायचं नाही, शिव्या घालायलासुद्धा नाही. काकांनी दोघातिघांना घातल्या होत्या, चांगल्या अस्सल. चुकून पैसे गेलेच तर चौकीत कधी जायचं याचा विचार करत बसू नका, ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

'ब्लॉक'वर फार विसंबू नका. ब्लॉक केलेल्याचे मेल स्पॅममध्ये जातात इतकंच, आणि चोर रोज नव्या पत्त्यावरून येतो. मागे लागलेल्या एखाद्या एजंटापुरतं ते ठीक आहे. आणि डीएनडी? ती फोन आणि एसएमएससाठी आहे, मेलला लागू नाही.

पत्ता कुठून गळतो ते पकडा

जीमेलमध्ये एक गंमत आहे. तुमचा पत्ता 'नाव@जीमेल.कॉम' असेल, तर 'नाव+प्रदर्शन@जीमेल.कॉम' या पत्त्यावरचा मेलही तुमच्याकडेच येतो. वेगळं खातं काढावं लागत नाही. म्हणून कृषी प्रदर्शनातल्या नोंदवहीत एक, कपड्याच्या दुकानात दुसरा, गॅसच्या फॉर्मवर तिसरा, असा शेपूट लावून पत्ता द्यायचा. उद्या 'प्रदर्शन' शेपटीवर कर्जाचा मेल आला की वही कोणी विकली ते कळलं. त्या शेपटीवर येणारं सगळं थेट डिलीट करणारा फिल्टर लावून टाका. दोन अडचणी मात्र आहेत. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, आणि हुशार चोर शेपूट कापून मूळ पत्ता काढतो. शेपटीऐवजी नावात नुसता टिंब घातला तरी चालतं, टिंब जीमेल मोजतच नाही, त्यामुळे तोही मेल तुम्हालाच येतो. पण कुठला टिंब कुणाला दिला हे लक्षात कोण ठेवणार!

त्यापेक्षा पक्की सोय म्हणजे दोन खाती. एक बँक, प्राप्तिकर आणि नेहमीच्या पार्ट्यांसाठी. दुसरं दुनियेसाठी, म्हणजे कूपन, वायफायचं लॉगिन आणि लकी ड्रॉ. दुसऱ्यात आठवड्यातून एकदा डोकावलं तरी चालतं. दुकानाच्या फलकावर, सोशल मीडियावर आणि यादीपुस्तकात छापायचा पत्ताही शक्यतो वेगळाच ठेवा, कारण उघड्यावर लिहिलेले पत्ते गोळा करणारे प्रोग्राम असतात.

चित्रं बंद ठेवा

जाहिरातीच्या मेलमध्ये बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणारं ठिपक्याएवढं चित्र असतं. मेल उघडला की ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि 'वाचला' अशी नोंद होते. गुगल ही चित्रं स्वतःमार्फत आणतं, त्यामुळे तुम्ही सांगलीत आहात की मिरजेत ते कळत नाही, पण मेल उघडल्याचं कळू शकतं. सेटिंगमध्ये 'इमेजेस'खाली बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारायचा पर्याय निवडा.

शेवटी जुना साठा. कॉम्प्युटरवर 'प्रमोशन्स' टॅब उघडा, वरच्या चौकोनावर टिक करा, मग 'सगळे निवडा' अशी ओळ येते ती दाबा आणि डिलीट करा. ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर जागा लगेच सुटत नाही.

हे सगळं उरकायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या, मध्ये भडंग आणि दोन चहा. आता काकांना दिवसाला चार-पाच नको ते मेल येतात. परवा लग्नाच्या खरेदीला त्यांच्याबरोबर गेलो होतो. बिलाच्या काउंटरवर मुलीनं सवयीनं विचारलं, "काका, ईमेल आयडी?" "नाही गं माझ्याकडं," काका म्हणाले, "कागदावरच दे बिल."