पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाचा हिशेब कसा मांडायचा

निकाल लागला त्याला गेल्या महिन्यात एक वर्ष झालं. त्या दिवशी एका मैत्रिणीने फोनवर सहज विचारलं, "मग, वर्षभरात काय काय केलंस?" माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "काही नाही गं. अर्धं वर्ष तर वायाच गेलं."

फोन ठेवला आणि ते वाक्य टोचत राहिलं. मी संख्याशास्त्र शिकलेय. आधी आकडे गोळा करायचे, मग निष्कर्ष काढायचा, हे तीन वर्षं आमच्याकडून घोकून घेतलं होतं. स्वतःच्या वर्षाबद्दल मात्र एकही आकडा न बघता मी निकाल देऊन मोकळी झाले होते.

म्हणून पुढचे दोन रविवार मी फक्त हा हिशेब मांडला. तुमचंही पदवीनंतरचं पहिलं वर्ष संपत आलं असेल तर करून बघा. नोकरी लागलेली असो, नसो, पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू असो, पद्धत तीच. एक वही, एक पेन आणि तुमचा फोन एवढं पुरतं.

आठवणीची साक्ष आधी घ्यायची नाही

"वर्ष कसं गेलं?" असं मनाला विचारलं की मन पूर्ण वर्ष तपासत बसत नाही. सगळ्यात जास्त दुखलेला किंवा सुखावलेला क्षण आणि शेवटचे काही दिवस, एवढ्यावरच त्याचा निवाडा होतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली याचा एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद बोचऱ्या थंड पाण्यात हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी किंचित कमी थंड केलेलं. पुन्हा कोणतं करशील, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, म्हणजे एकूण जास्त वेळ त्रास देणारं. कारण त्याचा शेवट जरा बरा होता.

माझ्या वर्षातला सगळ्यात दुखरा क्षण होता एक नकार. मनाने तो सगळ्या वर्षावर शाईसारखा पसरवला होता.

तेव्हा आधी पुरावे. वहीच्या जोडपानावर बारा ओळी आखा, महिन्याला एक. मग पुढच्या जागा एकेक करून उपसा: ईमेलचं 'सेंट' फोल्डर, फोनची गॅलरी, डाउनलोड्स, कॅलेंडर. इनबॉक्स बघू नका. तिथे लोकांनी तुमचं काय केलं ते असतं. तुम्ही काय केलंत ते 'सेंट'मध्ये असतं. ओळीत फक्त क्रियापदं लिहायची: पाठवलं, शिकले, विचारलं, सोडलं. "खूप निराश होते" वगैरे आत्ता नको, त्याला पुढे जागा आहे.

माझ्या 'सेंट'मधून काय निघालं ते सांगते. वर्षभरात एकूण ५३ अर्ज. त्यातले ३८ पहिल्या पाच आठवड्यांत. मग सलग अकरा आठवडे शून्य. मग उरलेले १५, आणि त्यातल्या एकातून आठव्या महिन्यात आत्ताची नोकरी.

नुसत्या मोजणीवर थांबू नका, दोन-चार मेल उघडून वाचा. मी एका रात्रीचे सहा अर्ज उघडले. ११:३२, ११:३६, ११:४०, अशा चार-चार मिनिटांच्या अंतराने गेलेले. ११:५२ च्या अर्जात पहिल्याच ओळीत कंपनीचं नाव चुकलेलं होतं, ११:४८ वालीचं तसंच राहिलं होतं. वर्षभर मी सांगत होते की "अडतीस अर्ज केले, जवळजवळ कुणीच साधं उत्तरही दिलं नाही". चार मिनिटांत लिहिलेल्या अर्जाला मीसुद्धा उत्तर दिलं नसतं. जोडलेल्या फाइलचं नाव होतं 'रेझ्युमे फायनल २ खरंच फायनल'. असो.

आता ते शून्याचे अकरा आठवडे. "अर्धं वर्ष वाया" म्हणजे माझ्या मनात हेच. पण डाउनलोड्समध्ये नेमक्या त्याच तारखांच्या ४१ फाइली सापडल्या, एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या) सरावाच्या. आणि एक एक्सेल शीट, ओळखीच्या एका क्लासची हजेरी आणि गुण एकत्र करून दिले होते त्याचं. फुकट केलेलं काम म्हणून मी ते कधी कामात धरलंच नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत वीसेक मिनिटं आम्ही त्याच शीटबद्दल बोललो होतो: रिकाम्या नोंदींचं काय केलंस, एकाच मुलाचं नाव दोन प्रकारे लिहिलेलं कसं पकडलंस. म्हणजे वाया गेलेल्या महिन्यांनीच काम केलं होतं.

उलटंही निघतं, त्याची तयारी ठेवा. इंग्रजी बोलण्याचा सराव मी "जवळजवळ रोज" करत होते अशी माझी ठाम समजूत होती. फोनमधली रेकॉर्डिंग मोजली. नऊ. अख्ख्या वर्षात नऊ.

तीनच घटना, चार प्रश्न

बारा ओळी भरल्या की त्यातल्या ज्या तीन घटनांवर नजर पुन्हा पुन्हा अडखळते त्यांना गोल करा. तीनच. सगळं वर्ष चिरायला बसलात तर दुसऱ्या रविवारी वही उघडणार नाही.

प्रत्येक घटनेला चार प्रश्न विचारायचे: काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? तसं का झालं? पुढच्या वेळी काय तसंच ठेवायचं आणि काय बदलायचं? ही पद्धत मूळ अमेरिकन लष्कराची. १९७० च्या दशकात युद्धसरावानंतर सगळ्यांनी बसून चर्चा करायची म्हणून ती रुजली. मला ती आवडते, कारण "चूक कुणाची?" हा प्रश्न तिच्यात नाहीच.

यातला तिसरा प्रश्न खरा अवघड. त्या दुखऱ्या नकाराबद्दल मी आधी लिहिलं होतं, "मला मुलाखती जमत नाहीत." हे कारण नाही, हे स्वतःला लावलेलं लेबल आहे. त्याने काहीच बदलता येत नाही. मग ती मुलाखत डोळ्यांसमोर आणली. तिसरी फेरी होती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल सांग म्हणाले. मी पाच मिनिटं "आम्ही हे केलं, आम्ही ते केलं" असं धडाधड सांगितलं. त्यांनी विचारलं, "यात तुझा भाग कोणता?" आणि मी थांबले. भाग होता, चांगला मोठा होता, सर्वेक्षणाची प्रश्नावली पूर्ण माझी होती. पण तो "मी" लावून सांगायचा सराव कधी केलाच नव्हता. हे झालं कारण. "का"चं उत्तर अशा जागी पोचेपर्यंत खणा, जिथे हात घालून काहीतरी हलवता येतं.

काही घटनांच्या तळाशी तुमचं काहीच सापडणार नाही. एका ठिकाणी मला निवडीसाठी म्हणून चार दिवसांचं काम दिलं, मी रात्री जागून पूर्ण केलं, आणि नंतर ना होकार ना नकार, दोन आठवणीच्या मेलनाही उत्तर नाही. यात माझं काय चुकलं हे शोधत मी बराच काळ घालवला. काहीच चुकलं नव्हतं. अशा ओळीवर 'हातात नव्हतं' लिहा आणि फार तर एक नियम करून पुढे सरका. माझा नियम: निवडीचं बिनपगारी काम अर्ध्या दिवसापेक्षा मोठं असेल तर आधी विचारायचं, उत्तर कधी मिळेल.

भावनांना जागा देईन म्हटलं होतं, ती इथे. प्रत्येक घटनेखाली एक ओळ, तेव्हा कसं वाटलं त्याची. एकच.

आणि वर्गातल्या इतरांशी तुलना? त्यासाठी वहीत रकाना नाही. त्यांचं 'सेंट' फोल्डर तुमच्याकडे कुठेय? त्यांनी टाकलेले फोटो दिसतात फक्त.

उद्दिष्टं: आधी एक दंतकथा बाजूला

उद्दिष्टांवरच्या भाषणांत एक गोष्ट हमखास येते. १९५३ साली येल विद्यापीठातून बाहेर पडलेल्या ज्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली उद्दिष्टं लिहून ठेवली होती, त्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या सगळ्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त कमावलं म्हणे. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. शोध घेतला गेला तेव्हा येलकडेही त्याचा मागमूस निघाला नाही. लिहून काढणं चांगलंच, पण नुसतं लिहिल्याने काही होत नाही. माझ्या गेल्या वर्षीच्या यादीत तेरा उद्दिष्टं होती, सुंदर अक्षरात.

यंदा तीन आहेत, आणि तिन्ही त्या बारा ओळींतून आलेली. हवेतून एकही नाही. कसं काढायचं? वहीत जिथे गाडी अडकली ती जागा शोधायची आणि तिथेच उपाय लावायचा. माझी गाडी अर्ज कमी पडल्यामुळे अडली नव्हती, एका नकारानंतर अकरा आठवडे अडली होती. तेव्हा "चांगली नोकरी मिळवणे" हे माझं उद्दिष्ट असून उपयोग नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. माझ्या हातातलं असं: नकाराचा मेल आला, तर तीन दिवसांच्या आत पुढचा एक अर्ज, एक तास देऊन लिहिलेला. नोकरी आहे तरी हा नियम ठेवलाय. आता ऑफिसातच विश्लेषणाच्या टीमकडे जायचंय, तिथेही नकार मिळू शकतो.

हे 'अमुक झालं, तर तमुक करेन' असं बांधणं मुद्दाम आहे. पीटर गोल्वित्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर अनेक वर्षं काम केलंय. नुसत्या "मी करेन"पेक्षा 'केव्हा, कुठे, कसं' आधीच ठरवलेलं असलं की माणूस ते काम जास्त वेळा करतो. प्रसंग आला की विचार करत बसावं लागत नाही. नकार आलेल्या दिवशी विचार करायची ताकद कुणात असते?

दुसरं उद्दिष्ट: वर्षभरात स्वतःचे तीन छोटे प्रोजेक्ट, "यात माझा भाग कोणता" याचं उत्तर प्रत्येकी तीन वाक्यांत लिहिलेलं. आधी चार लिहिले होते. मग वेळेचा हिशेब केला. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५. सगळंच बिनसलं तर किती लागतील, हेही विचारलं होतं. त्याची सरासरी ४८.६, म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही तोकडा पडला. माझ्या वहीतही साधारण तसंच निघालं: दोन आठवड्यांत संपवीन म्हटलेल्या एसक्यूएलला साडेतीन आठवडे लागले होते. त्यामुळे आता मनात येईल त्या मुदतीला दीडने गुणते आणि वर थोडं टाकते. चाराचे तीन झाले ते असे.

तिसरं, बोलण्याचं. "रोज सराव" खोडलं, कारण नऊ रेकॉर्डिंग. त्याऐवजी: सोमवारची टीमची मीटिंग सुरू झाली, की पहिल्या दहा मिनिटांत एक प्रश्न विचारायचा किंवा एक वाक्य बोलायचं. सवय एकवीस दिवसांत लागते यावर विसंबू नका. लंडनमधल्या एका अभ्यासात ९६ जणांवर पाहणी केली तेव्हा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तेही रोज करायच्या गोष्टीसाठी. माझं आठवड्यातून एकदा आहे, तेव्हा मी घाईत नाही.

पैशाचं एक वाक्य: पगार जमा होईल त्याच दिवशी पाचवा हिस्सा दुसऱ्या खात्यात, आपोआप. हे एकदा लावून द्यायचं काम आहे, याला उद्दिष्ट म्हणत नाही.

आणि 'करणार नाही' अशीही एक यादी करा. गॅलरीत मला 'कधीतरी करायच्या' कोर्सेसचे २१७ स्क्रीनशॉट सापडले. सगळे पुसले. थोडं हलकं वाटलं, खोटं कशाला बोला.

सत्र संपल्याची घंटा आता आपणच वाजवायची

कॉलेजात सत्र संपलं की कळायचं. आता कुणी सांगत नाही, आणि एक वर्ष ही फार लांबलचक गोष्ट आहे. बावन्न आठवड्यांचे तेरा-तेराचे चार तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटचा रविवार आजच कॅलेंडरवर टाका. त्या दिवशी वहीसमोर अर्धा तास. प्रत्येक उद्दिष्टापुढे तीनपैकी एक शब्द: चालू, बदल किंवा बंद. बंद करणं म्हणजे हरणं नाही, पण कारण एका ओळीत लिहायचं, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मोजणीत ते सापडेल. मध्ये आठवड्याला फक्त खुणा करायच्या, मूल्यमापन करायचं नाही. दर आठवड्याला स्वतःला तपासायला बसलं की काम राहतं बाजूला.

माझा पहिला तुकडा सुरू होऊन चार आठवडे झालेत. एका प्रोजेक्टचा डेटा साफ करून झालाय, मुदत आत्ताच चार दिवस मागे आहे, दीडने गुणूनही. नकार अजून आलेला नाही, कारण विश्लेषणाच्या टीमला मी अजून विचारलेलंच नाही. ते पुढच्या आठवड्यात. सोमवारच्या चार मीटिंगांपैकी तीनमध्ये बोलले. चौथ्यात चांगला लांबलचक प्रश्न विचारला, उत्तराची वाट बघत बसले, आणि मग लक्षात आलं की माइक म्यूटवर होता. वहीत त्या सोमवारी अर्धी खूण केलीय.