या चुका टाळा: कोकणात गाणारे पक्षी बघताना आणि टिपताना

पक्ष्यांचे फोटो बिघडले की पहिला ठपका कॅमेऱ्यावर येतो. 'लेन्स कमी पडते', 'फोकसच लागत नाही'. मग कर्ज काढून मोठी लेन्स येते आणि फोटो होते तसेच राहतात. खरी गोम बहुतेक वेळा पायांत असते. पक्षी उडाला की आपण त्याच्या मागे निघतो.

मागे धावू नका, आधी फेरा ओळखा

परड्यातला पक्षी वाट फुटेल तिकडे भटकत नाही. दयाळाचंच बघा. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्चपासून पुढे, नर पुरतं उजाडायच्या आतच गायला लागतो. गायच्या त्याच्या जागा मोजक्याच: माडाच्या झावळीचं टोक, विजेचा खांब, गडग्यालगतच्या शेवग्याचा शेंडा. एका जागेवरून हाकललात तर दुसरीवर जातो आणि थोड्या वेळाने परत पहिलीवर येतो. नाचण आणि कोतवाल हवेतला किडा पकडून बहुधा त्याच फांदीवर उतरतात. शिंजीर केळफुलावर सकाळभर खेपा घालतो.

म्हणून पहिल्या एकदोन सकाळी कॅमेरा घरातच राहू द्या. चहा घेऊन खळ्यात बसा आणि कोण कुठे किती वेळा बसतो तेवढं बघा. मग अशी फांदी निवडा की सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी येईल आणि फांदीमागे भिंत किंवा दोरीवरचे कपडे नसतील, लांबवरची हिरवळ असेल. तिथून आठ-दहा मीटरवर पाट टाकून बसा. उभ्या माणसाला पक्षी जेवढा बिचकतो तेवढा बसलेल्याला बिचकत नाही.

बैठक मारण्याचं महत्त्व कोकणाला नवीन नाही. अलिबागजवळच्या किहीमला पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर ठाण मांडून निरीक्षणं केली आणि ती 1931 मध्ये प्रसिद्ध केली. नर अर्धवट घरटं विणतो, मादीने पसंत केलं की ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी पुढचं विणायला घेतो, हे त्यांना दिसलं ते एका जागी बसल्यामुळे.

आवाज येतो, पक्षी दिसत नाही

मोठा आवाज म्हणजे मोठा पक्षी, आणि तोही उंच झाडावर, असं आपण धरून चालतो. शिंपी पक्षी इवलासा असतो, पण त्याचं 'टुविट टुविट' अख्ख्या वाडीला ऐकू जातं. तो असतो न्हाणीमागच्या केळीत नाहीतर तगरीच्या झुडपात, कमरेच्या उंचीवर. सुभग मात्र पानांच्या गर्दीत वरच राहतो. फुलटोच्या हवा असेल तर हापूसच्या कलमावरचं बांडगूळ शोधा. बांडगुळाची फळं खाऊन हाच पक्षी त्याचं बी दुसऱ्या फांदीला चिकटवतो. बागायतदार कोयती घेऊन त्या बांडगुळाच्या मागे का लागतात हे त्यावरून कळेल, आणि पक्षी कुठे गवसेल हेही.

मर्लिनसारखं ॲप आवाजावरून नाव सांगतं. उपयोगी आहे, पण ते वेदवाक्य नव्हे. आंबोलीच्या रानात भृंगराज आणि हरेवा हे दोन्ही पक्षी दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करणारे. ॲपवर शिक्रा हा शिकारी पक्षी उमटतो आणि फांदीवर शेपटीची दोन पिसं झुलवत भृंगराज बसलेला असतो. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यादीत नोंदवू नका.

ओळखीतली आणखी एक नेहमीची फसगत म्हणजे जांभळा शिंजीर. विणीचा हंगाम संपला की नराची झळाळी जाते, तो मादीसारखा दिसू लागतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ तेवढी उरते. 'नवीन जात सापडली' असा फोटो ग्रुपवर पडतो तो बहुधा याचाच.

फोटो काळा, पांढरा किंवा धूसर

उजळ आभाळासमोरचा दयाळ काळा ठिपका होतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +1 ते +2 करा, किंवा सरळ जागा बदला. उलट, पोफळीच्या अंधारात स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर आला तर कॅमेरा अंधाराला भुलतो आणि पिसं भाजून निघतात. तिथे -1 पासून सुरुवात करा. पांढरं एकदा जळलं की मागाहून काही करता येत नाही. शिंजिरासाठी शटरचा वेग 1/1000 सेकंदापेक्षा मंद नको. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे, दाणेदार फोटो हललेल्या फोटोपेक्षा बरा. डोळा ओळखणारा फोकस दाट पानांत हमखास पानच पकडतो, तेव्हा एकच छोटा बिंदू ठेवा.

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, वेगळीच तक्रार ऐकू येते. मलबारी चंडोल समोर दगडावर बसलाय, फोकस लागल्याचं कॅमेरा सांगतोय आणि तरी कडा लिबलिबीत. लेन्स दुरुस्तीला धाडू नका. कातळ तापला की हवा थरथरते, आणि पक्षी जितका लांब तितका तो थर जास्त. सकाळी दहाच्या आत काम उरका. चालताना पायाखाली बघा, चंडोलाचं घरटं जमिनीवरच असतं.

पाणी ठेवताय ते खोल आहे

बादली किंवा घंगाळ नको. मातीची पसरट परात, दोन-तीन इंच पाणी आणि मधे एक दगड पुरे. मांजर दबा धरेल असं झुडूप अगदी लगत नसावं. पाणी रोज बदला, नाहीतर पक्ष्यांआधी डास येतील. खारवलेलं, तळलेलं काही घालू नका. साखरपाण्याच्या बाटल्यांपेक्षा जास्वंद लावा.

दयाळ किंवा बुलबुल गाडीच्या आरशाला चोची मारत असेल तर तो प्रतिबिंबाशी भांडतोय. आरशाला पिशवी घाला, भांडण मिटतं.

मोबाईलवर आवाज वाजवणं आणि घरट्याचे फोटो

पावसाच्या तोंडावर कोकणात नवरंग येतो आणि रानातून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. मग कोणीतरी मोबाईलवर तीच शीळ वाजवतो. नर समोर येतो ते प्रतिस्पर्धी घुसला म्हणून, आणि किडे शोधायचा वेळ त्या भांडणात घालवतो. एका सुट्टीच्या दिवशी दहा जणांनी हेच केलं तर त्याचं काय होत असेल? मला हा प्रकार फसवणुकीचाच वाटतो, फोटो कितीही झकास येवो. नवरंग गप्प असेल तर थांबा. सकाळी लवकर आणि संध्याकाळी तो आपणहून बोलतो.

घरट्याचं तर त्याहून वाईट. पडवीतल्या वायरीवर शिंजिराचं घरटं लोंबत असतं आणि 'नीट दिसावं' म्हणून आडवी डहाळी छाटली जाते. तुम्हाला दिसलं तसं ते कावळ्यालाही दिसतं आणि भारद्वाजालाही. पिल्लं उचलायला दोघांना वेळ लागत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे, तीत वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणंही येतं. घरट्याचं ठिकाण स्टेटसला टाकू नका. खाली उतरलेलं पिसं फुटलेलं पिल्लू बहुधा उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात. ते बुटाच्या खोक्यात घालून घरात नेऊ नका.

पावसाळ्यात कॅमेरा

एसी खोलीतून थेट बाहेर आणलेल्या लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. किनाऱ्यावरून आलात की आधी खारट थर ओलसर मऊ कापडाने टिपा, मग कोरड्याने. जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात पडून राहिली की बुरशी ठरलेलीच. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल एवढ्यावर भागतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरू नका, कोंडा आत शिरतो. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की जुन्या कढईत मंद आचेवर तापवून ते पुन्हा कोरडे करा, आणि ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका.